शेजारची सीट

पलंग जिन्याच्या वळणावर अडकला तेव्हा मास्तरीण खालच्या पायरीशी कुबड्यांवर उभी राहून हुकूम सोडत होती. वरच्या टोकाला तिचा नवरा, खालच्या टोकाला मुलगा आणि मध्ये तो जडशीळ पलंग, ना धड वर ना धड खाली.

"तुझ्या डावीकडे घे. तुझ्या डावीकडे, माझ्या नव्हे."

"आई, पलंग आहे हा. गाडी नाही," मुलगा खालून धापा टाकत म्हणाला.

"म्हणून तर अडकला. गाडी असती तर मी काढली असती."

बोलण्यात तथ्य होतं. गावातले निम्मे लोक हिच्याच हाताखाली गाडी शिकलेले. घराच्या पुढच्या खोलीतच तिची ड्रायव्हिंग स्कूल होती. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, ओळीनं मांडलेल्या खुर्च्या, आणि दारात दोन गाड्या. पहिली गाडी तिची, दुसरी मुलाची. मुलाला सगळे बाळ म्हणत. तिशी ओलांडून बाळ दारात मावेनासा झाला होता, पण नाव काही त्याच्याबरोबर वाढलं नव्हतं.

"थांब रे," वरून बापू म्हणाले. मास्तरणीच्या नवऱ्याला सगळं गाव बापू म्हणे. आयुष्यभर बसच्या डेपोत फिटर म्हणून काढलेला माणूस. कुठलीही वस्तू उघडल्याशिवाय पुढं जात नाही असं ते मानत. त्यांनी खिशातून पाना काढला, जिन्यातच पलंगाचे पाय सोडवले, आणि पलंग मुकाट्यानं खाली आला.

येत्या गुरुवारी मास्तरणीच्या घोट्याचं ऑपरेशन होतं. दुखणं जुनं होतं. फार वर्षांपूर्वी एका शिकाऊ माणसानं शाळेच्या फाटकासमोर ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबला होता. शेजारच्या सीटखाली शिकवणाऱ्यासाठी वेगळा ब्रेक असतो. तो मास्तरणीनं असा काही हाणला की गाडी जागच्या जागी उभी राहिली, पोरं हसत फाटकातून बाहेर पडली, आणि तिचा घोटा मोडला. प्लास्टर सुटलं तशी ती पुन्हा त्याच सीटवर जाऊन बसली. घोटा वाकडा जुळला होता. तो तसाच तिनं पुढं रेटला, आणि आता आतला सांधा पार झिजून हाडावर हाड घासत होतं.

डॉक्टर हाडं स्क्रूनं एकमेकांना जखडणार होते. दीड-दोन महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही, त्यानंतर हळूहळू. हे डॉक्टरही तिचेच शिष्य. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितल्यावर तिनं एवढंच विचारलं होतं, "एकदा केलं की यात रिव्हर्स नाही ना?" डॉक्टर हसले आणि मग गंभीर झाले. "बाई, तुम्ही चालाल, जिने चढाल, दुखणं जाईल. पण घोटा पूर्वीसारखा वाकणार नाही. जोरात ब्रेक मारायचं काम आता दुसऱ्या कुणाकडे द्या."

हे तिनं घरी येऊन शब्दाशब्दानं सांगितलं होतं. लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती. पण ज्यानं त्यानं आपल्याला हवं तेवढंच ऐकलं. बापूंनी ऐकलं की आता ही विश्रांती घेणार. बाळनं ऐकलं की पहिली गाडी आपल्याकडे येणार. आणि बापूंच्या बहिणीनं, फोनवरच, असं ऐकलं की आता आपण मध्ये पडलंच पाहिजे.

त्या नणंदबाई पलंगापाठोपाठच दारात हजर झाल्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण घंटा वाजवायची सवय गेली नव्हती. हातात एक नवीकोरी, रिकामी प्रवासाची पिशवी होती.

"वहिनी, तू आधी बस बघू. आणि पलंग या वर्गात टाकणार? येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेसमोर तू पाय वर करून पडून राहणार?"

"मग कुठं टाकू, वन्सं? न्हाणीघराजवळ एकच खोली आहे, ती आईंची."

"तेच ठरवून आलेय मी. आईला मी घेऊन जाते. तीन महिने राहील माझ्याकडे. खोली मोकळी होईल, आणि तुमच्यावरचा एक भारही हलका होईल."

हे सगळं सासूबाईंच्या समोर चाललं होतं. त्या भिंतीकडेच्या खुर्चीवर, रस्त्याच्या खुणांच्या तक्त्याखाली बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं, कान तिखट, दात स्वतःचे. मास्तरणीनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. कारण खरं सांगायचं तर हा विचार तिच्याही मनात येऊन गेला होता. पाय वर बांधून पडायचं आणि त्यात म्हाताऱ्या माणसाचं दुखलंखुपलं, म्हणजे सगळ्यांचीच फरफट. मनात आलं होतं, तोंडात आलं नव्हतं एवढंच. नणंदेनं बोलून दाखवलं तेव्हा बरं वाटायला हवं होतं. वाटली मात्र लाज.

"मला विचारलंस का गं?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुझ्याच सोयीसाठी करतेय."

"माझ्या सोयीसाठी. घरात जागा करायची म्हटलं की आधी जुनं कपाट बाहेर निघतं, मग म्हातारी. मी जाणार नाही. माझ्या खोलीत दुसरा पलंग मावतो. माझा खिडकीकडे सरकवा, हिचा न्हाणीघराच्या बाजूला टाका."

"पण तू इथं राहून करणार काय? वहिनीला उठवणार? तुझंच तुला होत नाही."

सासूबाईंनी चष्मा पुसला. सावकाश पुसला, कारण सगळे थांबले आहेत हे त्यांना ठाऊक होतं.

"हिला सगळं येतं. गाडी येते, घर चालवता येतं, माणसं हाकता येतात. एकच येत नाही, पडून राहता येत नाही. मी दहा वर्षं तेच करतेय. कूस कधी बदलायची, दुपार कशी काढायची, कुणावर न चिडता पाणी कसं मागायचं. या विद्येत माझा हात धरणारं या घरात कोणी नाही. मी शिकवीन हिला."

बाळ हसला. बापूही तोंड फिरवून हसले. मास्तरीण मात्र सासूबाईंकडे बघत राहिली. लग्न होऊन आल्यावर तिनं गाडी शिकायची म्हटली तेव्हा याच बाई तिच्याशी वर्षभर धड बोलल्या नव्हत्या. पुढं या ड्रायव्हिंगच्या शाळेची पाटी लागली तेव्हा शिडी धरून उभ्या राहिल्याही याच. मधल्या काळात त्यांचं मन केव्हा फिरलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि हिनं कधी विचारलं नाही.

"आई इथंच राहतील, वन्सं," मास्तरीण म्हणाली. "शाळेत उशिरा आले मी. पण त्या शिकवणार असतील तर शिकेन."

नणंदबाईंनी पिशवी खुर्चीवर ठेवली. हरल्या होत्या, पण मैदान सोडलं नव्हतं. "बरं. मग दोन-दोन पलंगांवरच्या बायकांचं करणार कोण? एकटी सूनबाई? तिच्यानं होईल एवढं?"

सूनबाई म्हणजे बाळची बायको. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून बापूंनी बनवलेला लाकडी उतार खिळ्यांनी ठोकत होती. चाकाची खुर्ची उंबऱ्यावरून जावी म्हणून. घरातली निम्मी तयारी तिनंच केली होती. न्हाणीघरात आंघोळीचं स्टूल, पायाखाली घसरणारी सगळी जाजमं गुंडाळून माळ्यावर, पाय उंच ठेवायला जाड उश्या, प्लास्टरवर चढवायच्या पिशव्या. लग्नाआधी ती मास्तरणीकडे गाडी शिकायला यायची. तेव्हापासूनचं 'बाई' तिच्या तोंडात बसलं ते सासू झाल्यावरही सुटलं नव्हतं.

"दोघींचं जेवण एकाच खोलीत न्यायचं, त्यात काय," ती हातोडी खाली ठेवत म्हणाली. "पण सगळं माझ्यावर नाही पडणार, आत्या. दुपारचं बापू बघतील. कपडे यांच्याकडे. मी सकाळ-संध्याकाळ गाडीवर असेन."

"कुठल्या गाडीवर?" बाळनं विचारलं.

"पहिल्या."



"तू शिकवणार?" बाळ म्हणाला. "अगं, तू स्वतः तीनदा नापास झालीस."

"दोनदा. तिसऱ्यांदा पास झाले. शाळेचे वर्ग कोण घेतं? फोनवर रडणाऱ्यांना परत कोण बोलावतं? तुमच्या गाडीतून उतरून रडायला लोक माझ्याकडेच येतात."

हे ऐकून नणंदबाईंना खोकला आला. बाळनं आईकडे पाहिलं. त्याला पक्की खात्री होती की आई आपली बाजू घेणार. गाडी त्याच्या हातात सशासारखी पळे, हे खरं होतं. शिकवताना तो गाडीच्या काचा हलतील असा ओरडे, हेही खरं होतं, आणि ते तो आईकडूनच शिकला होता.

तेवढ्यात बापू बोलले. ते सहसा बोलत नसत. "मी म्हणतो, पहिली गाडी तूर्त बंदच ठेवू. बाळची एक पुरे. हिच्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं बघून ही पडल्या पडल्या झुरेल. नाहीतर पाय सांभाळायचा सोडून महिन्याभरात जाऊन बसेल. मला हिचा पाय हवाय. शाळेचं काय घेऊन बसलात?"

मास्तरणीला ते वर्मी लागलं. माणूस प्रेमापोटी बोलत होता. न्हाणीघराच्या भिंतीत दांड्या बसवून, स्वतः एका पायावर उभं राहून त्यांना लोंबकळून पाहणारा माणूस. त्याच्यावर चिडणार तरी कसं? पण जिच्या दारातून तिचं नाव गावभर गेलं ती शाळा त्यानं एका वाक्यात बाजूला सारली होती.

"सीट रिकामी राहणार नाही," ती म्हणाली. "पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी ती कुणाला देणारही नाही. सूनबाई, गाडी काढ. आत्ता."

"शिकाऊ कोण?" बाळनं मुद्द्याचं विचारलं. "इथं सगळ्यांनाच गाडी येते. उगाच नाटक करून काय कळणार?"

"मला कुठं येते?" सासूबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी मिळून त्यांना नको म्हणून पाहिलं. मुख्याध्यापिका बाईंनी वय काढलं, बापूंनी डोळ्यांचं काढलं. सासूबाईंनी खुर्चीखालून कापडी बूट ओढले आणि नाड्या बांधायला घेतल्या. "मोतीबिंदू काढलाय. या घरात कोण कुठं चोरून काय खातं ते इथून दिसतं मला. आणि रस्त्यावर कुठं जायचंय? कारखान्यामागं पटांगण आहे ना?"

गावाबाहेर साबणाचा एक कारखाना होता, कधीचा बंद पडलेला. त्याच्यामागच्या पटांगणात मालकाच्या परवानगीनं शाळेचे पहिले धडे होत. एका बाजूला मोकळं गवत, दुसऱ्या बाजूला कारखान्याची लांबच लांब विटांची भिंत.

सासूबाई चालकाच्या सीटवर बसल्या. पाठीशी उशी दिली तेव्हा कुठं त्यांना काचेतून पुढचं दिसू लागलं. शेजारी सूनबाई. मागं मास्तरीण आडवी बसली, दुखरा पाय बापूंच्या मांडीवर. एवढ्या वर्षांत ती या गाडीत मागं कधीच बसली नव्हती. गाडी आतून अशी दिसते, हे तिला आज कळत होतं. शिकवणाऱ्याचा चेहरा मागून दिसत नाही. नुसता खांदा दिसतो. सूनबाईचा खांदा सैल होता.

बाळ आणि नणंदबाई भिंतीपासून लांब, झाडाखाली उभे राहिले.

"आजी, क्लच हळू सोडा. झोपलेल्या माणसाच्या अंगावरून हात काढावा तसा."

गाडीनं दोन गचके खाल्ले आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. मास्तरणीच्या जिभेवर शब्द येऊन थांबले. तिनं ओठ आत ओढून घेतले. सासूबाईंनी स्वतःच म्हटलं, "हात नाही, हिसका दिला मी."

"हो. आता नुसता हात."

या वेळी गाडी निघाली. सासूबाईंच्या मानेवरचे पांढरे केस वाऱ्यानं हलले. पटांगणाच्या मध्यापर्यंत त्या सरळ गेल्या, आणि मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, चाक किंचित फिरलं, पाय खाली दबला, आणि गाडी तिरकी होऊन कारखान्याच्या भिंतीकडे निघाली.

"आजी, समोर काय आहे?"

सासूबाई उत्तर देईनात. भिंत मोठी होऊ लागली. लांबून बाळचं ओरडणं ऐकू आलं. मास्तरणीला विटा वेगवेगळ्या दिसू लागल्या, मग विटांमधला चुना दिसला. तिच्या सगळ्या अंगात कळ उठली आणि तिनं सगळ्या जोरानिशी, दुखऱ्या पायानं, ब्रेक दाबला.

गाडी थांबली. फार धक्का नाही, फार आवाज नाही. भिंत पुढं तशीच उभी होती, मध्ये एखादी हातगाडी जाईल एवढी जागा ठेवून.

मास्तरणीनं खाली पाहिलं. तिचा पाय बापूंच्या मांडीत रुतला होता. बापू डोळे मिटून, दात आवळून, पण न हलता बसले होते.

म्हणजे ब्रेक तिनं दाबलाच नव्हता. गाडी तिच्याशिवाय थांबली होती.

पुढं सूनबाई सासूबाईंना म्हणत होती, "श्वास घ्या, आजी. आता सांगा, भिंत तुम्हाला केव्हा दिसली?"

"केव्हाची दिसतेय."

"मग?"

सासूबाईंनी थोडा विचार केला. "वाटलं, होईल बाजूला."

"भिंती होत नाहीत बाजूला. आपणच चाक फिरवायचं. घेऊ या पुन्हा?"

"तर काय. उतरतेय थोडीच."

आणि त्यांनी पुन्हा घेतलं. या खेपेला भिंत यायच्या कितीतरी आधी सासूबाईंनी चाक फिरवलं, जरा जास्तच फिरवलं, सरळ केलं, आणि सबंध पटांगणाला एक वळसा घालून गाडी झाडापाशी आणून उभी केली. काच खाली केली. नणंदबाई झाडाला टेकून उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी होतं. ते भीतीचं की हसण्याचं हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"ती पिशवी घरी घेऊन जा," सासूबाई मुलीला म्हणाल्या. "आणि येत जा अधूनमधून. तुलाही एक फेरी मारून आणीन."

मास्तरणीला आपल्या आवाजाचा अभिमान होता. आवाज चढवल्याशिवाय माणूस शिकत नाही, असं ती जन्मभर मानत आली होती, आणि तिच्या हाताखालून माणसं शिकून गेलीही होती. पण भिंतीपाशी ती असती तर ओरडली असती. सासूबाई घाबरल्या असत्या, रुसल्या असत्या, आणि पुन्हा चाकाला हात लावला नसता. हे तिला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

"ब्रेक उशिरा मारलास," ती सूनबाईला म्हणाली.

"हो, बाई."

"मुद्दाम?"

"हो. आधी मारला असता तर त्यांना भिंत कळली नसती. माझा पाय तयार होता."

"माझाही होता," मास्तरीण म्हणाली, आणि बापूंनी मांडी चोळली.

बाळ खिडकीशी आला. त्याचा घसा बसला होता. थोडा वेळ तो बायकोकडे बघत राहिला, जणू ती कुठल्या दुसऱ्याच गावाहून आली होती. "मी असतो तर..." तो म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "पहिली गाडी तिलाच दे, आई."

"मी देणारी कोण? बसलीय ती तिथं," मास्तरीण म्हणाली. "तिच्या मागं बसून दोन धडे बघ. मीही बघितले असते, पण मला गुरुवारी जायचंय."

त्या संध्याकाळी सासूबाईंच्या खोलीत दोन पलंग शेजारी शेजारी लागले. बापूंनी पाय परत बसवले आणि मास्तरणीच्या पलंगाची एक बाजू किंचित उंच केली, पाय वर राहावा म्हणून. दोन दिवस सासूबाईंनी खरोखरच शिकवणी घेतली. वॉकर धरून एका पायावर उठायचं, वळायचं, बसायचं. आणि ते झालं की निजायचं आणि काहीही करायचं नाही. शेवटचा धडा मास्तरणीला काही केल्या जमेना. "चादर नीट करू नकोस," सासूबाई खिडकीकडून म्हणत. "बघ तिच्याकडे. सुरकुती आहे. असू दे." बापू दारात उभे राहून ऐकत, आणि मास्तरीण त्यांना हाकलून देई.

गुरुवारी सकाळी उपाशीपोटी निघायचं होतं. पहिल्या गाडीवर पटांगणातले धडे नुकतेच संपवलेली एक शिकाऊ बाई येणार होती, दातांची डॉक्टर, गाडीला भयंकर भिणारी. सूनबाईनं विचारलं, "धडा पुढं ढकलू का, बाई? तुम्हाला मीच सोडते."

"धडा ढकलायचा नाही."

"मग यांना सांगते."

"त्याच्या शिकाऊंची आज लायसन्सची परीक्षा आहे. त्यालाही जाऊ दे. आम्ही दोघं टॅक्सीनं जातो."

सूनबाई वाकून तिच्या पाठीमागची उशी सारखी करायला लागली, मग थांबली, आणि उशी तशीच राहू दिली. जाताना ती एवढंच म्हणाली, "संध्याकाळी येते. आजींना घेऊन."

टॅक्सी निघाली. मास्तरीण मागं आडवी, बापू शेजारी पिशवी सांभाळत. पिशवीत रिपोर्ट होते, सैल कपडे होते, आणि सासूबाईंनी बळंच कोंबलेला एक पंखा. मोठ्या चौकात टॅक्सी थांबली ती थांबलीच. दिवा हिरवा होऊन गेला तरी पुढची रांग हलेना. मागून हॉर्न सुरू झाले.

"बंद पडलंय काहीतरी," टॅक्सीवाला मान बाहेर काढून म्हणाला. "शिकाऊ गाडी आहे. अशा लोकांना सकाळच्या गर्दीत आणतात कशाला? कुणाची गाडी आहे कोण जाणे."

मास्तरीण कोपरावर उठली. चौकाच्या अगदी मधोमध तिची पहिली गाडी उभी होती. चाकामागं एक बाई दोन्ही हात कानांवर नेऊन बसली होती. शेजारी सूनबाई. तिनं चारी बाजूंच्या गाड्यांकडे, हॉर्नकडे, कुणाकडेच पाहिलं नाही. ती त्या बाईकडे वळून काहीतरी बोलत होती, घाई नसल्यासारखी, चहाच्या टेबलाशी बसल्यासारखी. त्या बाईचे हात कानांवरून खाली आले. एक हात चाकावर गेला, मग दुसरा.

बापू बाहेर बघून काहीतरी म्हणणार होते. मास्तरणीनं त्यांचा हात धरला.

टॅक्सीवाल्याचा अंगठा हॉर्नवर गेला.

"वाजवू नका," ती म्हणाली. "ती शेजारी बसलीय ना, ती माझी सून आहे. काढेल ती गाडी."

टॅक्सीवाल्यानं आरशातून तिच्याकडं पाहिलं आणि हात काढून घेतला. आजूबाजूला सगळे वाजवत राहिले. चौकातल्या गाडीनं एक गचका खाल्ला, सावरली, आणि अगदी सावकाश, बरोबर आपल्या ओळीतून, वळणापलीकडे निघून गेली.

"चला आता," मास्तरीण म्हणाली, आणि पाठ टेकून निवांत पडून राहिली.